शेवटचं दिसल्याची तारीख

वेरूळला चौतीस वर्षं गाईडगिरी केली की माणसाचे आधी गुडघे जातात आणि मग नवल वाटणं जातं. दाऊदभाईचं आणि माझं दोन्ही एकाच सुमारास गेलं. कैलास लेणं कळसापासून खाली कोरत आणलंय, हे वाक्य आम्ही दोघांनी इतक्या वेळा म्हटलं की शेवटी शेवटी आम्ही ते म्हणतोय की ते आम्हाला म्हणतंय, तेच कळेना.

दाऊदभाई म्हणजे दाऊद फकीरमहंमद, राहणार शहागंज. इंग्रजी चांगलं, जर्मन कामचलाऊ आणि तारखा तोंडपाठ. तारखांचं त्याला वेडच होतं. पाहुण्यानं नुसतं विचारावं, हे कधीचं, की हा आधी इसवी सन सांगणार, मग शके, मग हिजरी. पाहुणा घड्याळाकडं बघायला लागला तरी थांबायचा नाही. मी त्याला म्हणायचो, दाऊदभाई, तू लेणी दाखवत नाहीस, पंचांग वाचतोस. तो म्हणायचा, तुझ्यासारखं मोघम बोलून दिवस ढकलण्यापरीस बरं.

एवढ्या तारखा पाठ असलेल्या या माणसाला स्वतःच्या बापाच्या मरणाची तारीख मात्र माहीत नव्हती.

तो मूळचा आमच्याच गावचा. फुलंब्रीच्या पलीकडं दोन कोसांवर आमचं गाव. त्याचे वडील फकीरमहंमद, गावाच्या तोंडी फकिरा पिंजारी. घरोघर जाऊन कापूस पिंजायचे, गाद्या भरायचे. अठ्ठेचाळीस साल उजाडायच्या आधी रझाकारांनी आमच्या शेजारचं गाव जाळलं होतं. त्या सालच्या भाद्रपदात पोलीस ॲक्शन झाली, फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं आणि वारं उलटं फिरलं. ज्यांनी बंदुका मिरवल्या होत्या ते पळून गेले होते, तेव्हा जे हाती लागले त्यांच्यावर राग निघाला. काही माणसं बाहेरून आली, काही आमचीच होती. त्यांची नावं मी इथं लिहिणार नाही, कारण त्यांची नातवंडं मला अजून रामराम घालतात. मी काही फार शूर माणूस नाही, हे पुढं कळेलच.

दाऊदभाईची आई जोहरा चार वर्षांच्या पोराला घेऊन बैलगाडीनं शहरात भावाकडं निघून आली. फकिरा म्हणाले, दोन घरच्या रजया द्यायच्या राहिल्यात, त्या देऊन येतो. ते आले नाहीत. जोहराबींना एवढंच आठवायचं की महिना बंदा नवाजचा होता. आपल्याकडच्या मुसलमान बाया महिन्यांना असं पीर-अवलियांच्या नावानं ओळखतात. बंदा नवाजचा म्हणजे जिल्काद. पण दिवस कोणता, चांदाची कितवी, ते त्या माउलीला कुणी सांगितलं नाही.

तारीख नाही म्हणून वर्षाची बरसी नाही. शबे-बरातेला सगळ्या मेलेल्यांची फातेहा होते, त्यातच दाऊदभाई बापाची उरकायचा. घरचा माणूस आणि त्याला गर्दीत जेवायला बसवल्यासारखं वाटतं, असं तो एकदा जीपमध्ये म्हणाला होता. गावाकडचं कुणी म्हातारं भेटलं की तो हळूच विषय काढायचा. पंच्याहत्तर साली तर त्यानं आमच्या घरी येऊन माझ्या वडिलांनाच, तात्यांनाच, विचारलं. तात्या म्हणाले, आम्ही तेव्हा शेतावर होतो, आम्हाला काही ठावं नाही.

तात्यांना ठावं होतं. त्र्याऐंशी साली, जायच्या चार दिवस आधी, त्यांनी ते मला सांगितलं. म्हणजे पुढं अठ्ठावीस वर्षं ती तारीख माझ्याकडं होती आणि त्यातली बहुतेक मी दाऊदभाईच्या मांडीला मांडी लावून जीपनं वेरूळला जाण्यात घालवली. सांगायला काय झालं होतं? तारखेबरोबर बाकीचंही सांगावं लागलं असतं, ते झालं होतं. त्याला वडिलांची तारीख मिळाली असती आणि मला माझे वडील गमवावे लागले असते, असा माझा हिशेब. तो किती कोता होता, हे मला तेव्हाही कळत होतं.

दोन हजार अकरा साली दाऊदभाईची मुलगी ताहेरा प्राग शहरात एका प्रयोगशाळेत नोकरीला होती. आई गेल्यापासून तिचा अब्बांच्या मागं लकडा होता, की एकदा येऊन जा. दाऊदभाईच्या छातीचं दुखणं होऊन गेलं होतं, तो एकटा निघेना. मग तिनं मला फोन केला, बन्सीकाका, तुम्ही आलात तर अब्बा येतील. आमच्या वच्छलाबाई म्हणाल्या, जा, घरात बसून तरी काय दिवे लावताय. तर असे आम्ही दोन निवृत्त गाईड ऑगस्टमध्ये परदेशी पाहुणे होऊन गेलो.

आठ दिवसांत मी कंटाळलो. पूल बघितला, किल्ला बघितला, किल्ल्यातलं देऊळ बघितलं. जन्मभर दगड दाखवून पोट भरलेल्या माणसाला म्हातारपणी पुन्हा दगडच बघायला लावायचे, ही शिक्षा झाली. नवव्या दिवशी ताहेराला कामावर जायचं होतं, म्हणून तिनं आम्हाला यहुदी मोहल्ल्याच्या पायी फेरीत अडकवून दिलं. गाईड बरोबर असतो, इंग्रजीत सांगतो, अडीच तासांत सुटका. अडीच तास ऐकूनच माझे पाय दुखायला लागले.

गाईड बाई होत्या. इरेना नाव, सत्तरीच्या आसपास. बंद छत्री उंच धरून उभ्या होत्या, म्हणजे माणसं मागं येतील. दाऊदभाईनं त्यांना नखशिखांत न्याहाळलं आणि माझ्या कानाशी म्हणाला, हिचेपण गुडघे गेलेत बघ, उजव्या पायावर भार देत नाय. पुढचा अर्धा तास तो मोहल्ला बघतच नव्हता, बाईंचं काम बघत होता. माणसं कशी मोजतात, विनोदाआधी कुठं थांबतात, पाणी केव्हा पितात. तिथल्या एका इमारतीवर हिब्रू अक्षरांचं घड्याळ आहे. ती भाषा उर्दूसारखी उजवीकडून डावीकडं लिहितात, म्हणून काटेही उलटे फिरतात. इरेनाबाईंनी तिथं ठरलेला विनोद केला, लोक ठरल्यासारखे हसले आणि त्या हसणं संपायची वाट बघत रस्त्याकडं बघत राहिल्या. मला त्यांची दया आली. ते वाट बघणं मी ओळखत होतो.

मग एका जुन्या प्रार्थनाघरापाशी आलो. आता ते नुसतं बघायला ठेवलंय. दारात पोचल्याबरोबर दाऊदभाई पायरीवर बसला आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागला. त्याचं बघून मीही बसलो. देवाचं घर म्हटलं की आपल्याकडं हिंदू असो की मुसलमान, हात आधी पायांकडंच जातो. इरेनाबाई वळून बघतात तो दोन म्हातारे मोज्यांवर उभे. त्यांनी सावकाश समजावलं, की इथं पायातलं राहू द्यायचं आणि डोकं झाकायचं. दाऊदभाईच्या खिशात त्याची टोपी होती. मला त्यांनी कागदाची दिली. पुन्हा बूट चढवायला आम्हाला इतका वेळ लागला की बाकीची मंडळी पुढं निघून गेली. अंगात घाईही उरली नव्हती.

आत भिंती होत्या आणि भिंतींवर नावं. दुसरं काही नाही. खालपासून वरपर्यंत, दालनामागून दालन, बारीक हातानं लिहिलेली नावं. आडनाव लाल, नाव काळं, पुढं जन्मतारीख आणि पुढं आणखी एक तारीख. हिटलरच्या माणसांनी या मुलखातून आगगाड्या भरभरून नेऊन मारलेले यहुदी, पाऊणलाखाच्या वर. बाईंनी सांगितलं, की ही नावं एकदा लिहून झाल्यावर मधल्या कम्युनिस्ट राजवटीत ओलीचं निमित्त होऊन पुसली गेली आणि पुन्हा राज्य बदलल्यावर पहिल्यापासून लिहावी लागली. हे सांगताना त्यांचा आवाज पाठ केलेला नव्हता. बहुधा त्यातलं एखादं नाव त्यांच्या घरचं असावं. मी विचारलं नाही. गाईडला असलं विचारू नये.

दाऊदभाईनं मात्र हात वर केला. पाहुण्यांनी हात वर करून विचारलेलं त्याला स्वतःला कधी आवडायचं नाही. त्यानं विचारलं, दुसरी तारीख मरणाची का? आणि गाडीतून नेऊन मारलेल्या माणसाची तारीख तुम्हाला कोण सांगतं?

बाई म्हणाल्या, की ज्यांची कळली त्यांची मरणाची आहे. पुष्कळांची नाही कळली. त्यांच्यापुढं, ते शेवटचे कुठं होते असं कागदावर सापडलं, ती तारीख आहे. ज्या दिवशी गाडीत चढवलं, तो दिवस. त्यानंतर त्यांना ओळखीच्या कुणी बघितलं नाही.

मंडळी पुढं सरकली. दाऊदभाई तिथंच राहिला. मी जरा वेळ दुसऱ्या भिंतीकडं बघितल्यासारखं केलं, पण शेवटी मागं फिरलो. त्यानं चष्मा काढला होता. बिनचष्म्याचं त्याला काही वाचता येत नाही, म्हणजे तो वाचत नव्हता.

"ह्यांनी मेल्याची नाय मिळाली तर शेवटचं दिसल्याची लिहिली, बन्सी," तो म्हणाला. "म्हंजे तीबी चालती. मी येड्यासारखा साठ वर्सं मेल्याचीच विचारत फिरलो. शेवटचं कुनी बघितलं, असं इचारायला पायजे होतं."

मी त्याला बाहेर चल म्हणालो.

बाहेर त्यांचं जुनं कबरस्तान होतं. जागा वाढवायला परवानगी नव्हती, म्हणून माणसावर माती, त्या मातीत पुन्हा माणूस, असे थरावर थर झालेत. वरचे दगड एकमेकांना टेकून उभे. मंडळी पायवाटेनं चालली होती आणि बाईंची छत्री पुढं पुढं जात होती. दाऊदभाई भिंतीकडच्या बाकावर बसला. मी शेजारी बसलो. मला फार थकवा आला होता आणि तो चालण्याचा नव्हता. अठ्ठावीस वर्षं एखादी गोष्ट दाबून धरली की धरणारा हातच झडतो. मी सांगायला लागलो. हिंमत आली म्हणून नाही, दाबून धरायला जोर उरला नाही म्हणून.

पितृपंधरवडा होता, मी म्हणालो. माझ्या आजोबांची तिथी षष्ठी. त्या दिवशी घरी श्राद्धाचा स्वयंपाक झाला होता, पानं मांडली होती. तुझे अब्बा दोन दिवस बाजरीत लपून होते. दुपारी ते आमच्या घरी आले आणि तात्यांना म्हणाले, मला पेवात लपवा. आमच्या अंगणात धान्य साठवायचं पेव होतं, जमिनीत खोदलेलं, माणूस सहज मावेल एवढं. तेव्हा ते रिकामं होतं. तात्यांनी त्यांना आत घेतलं, स्वयंपाकघरात बसवून जेवू घातलं. आईनं वाढलं. जेवण झाल्यावर तात्यांनी मागचं दार उघडलं आणि सांगितलं, ओढ्याच्या कडेनं फुलंब्री गाठ, तिथं फौज आहे. ओढ्याच्या वळणावर चिंच होती. तिथपर्यंत ते जाताना तात्यांना दिसले. मग तात्यांनी दार लावून घेतलं.

"आमचं घर जाळतील असं भ्या वाटलं त्यास्नी," मी म्हणालो. "मी तेव्हा दोन वर्सांचा होतो. ते म्हनले, तुझ्याकडं बघून मी दार उघडलं."

एवढं सांगून मी उरलेलंही सांगितलं. त्या सालापासून दर षष्ठीला आमच्याकडं आजोबांच्या पानाशेजारी एक जास्तीचं पान वाढतात. आई वाढायची, आता वच्छला वाढते. ते कुणाचं, हे आईनं कधी उच्चारलं नाही. तात्यांनी जाताना एवढंच बजावलं, की ते पान मोडू नको.

दाऊदभाई बोटांची पेरं मोजत होता. मला वाटलं, त्यानं ऐकलंच नाही. पण तो हिशेब करत होता. तिथी काय आणि चांद काय, दोन्ही एकाच चंद्राचे. पुनवेच्या आसपास चौदावा चांद, वद्य षष्ठीला विसावा.

"जिल्कादची वीस," तो म्हणाला. "बंदा नवाजच्या उरुसाच्या तीन दिवसांनी." पुन्हा एकदा मोजून त्यानं मान हलवली. मग विचारलं, "काय काय वाढलं होतं?"

"खीर, वडे, कढी. कारल्याची भाजी."

"पोटभर जेवले का?"

"खीर दोनदा मागून घेतली, तात्या म्हनले."

"मी तुमच्या घरी आलो की तुझी आई दरवेळी खीर करायची," तो म्हणाला. "मला वाटायचं, माझी आवड तिनं लक्षात ठेवली."

मला रडू आलं आणि त्याची लाजही वाटली, कारण रडायचा हक्क त्याचा होता आणि तो रडत नव्हता. इरेनाबाई माणसं मोजत मागं आल्या, दोन कमी भरली असणार. बरं वाटत नाही का, त्यांनी विचारलं. दाऊदभाई उठला, त्यांच्याशी दोन शब्द बोलला आणि त्यांच्या मागून चालू लागला. माझ्यासाठी थांबला नाही.

पुढचे पाच दिवस आम्ही एका घरात राहिलो, एका विमानातून परत आलो, पण बोलणं कामापुरतं झालं. ताहेराला वाटलं, म्हातारे दमले. घरी आल्यावर तीन आठवडे त्याचा फोन नाही. मी शहागंजच्या चहाच्या हॉटेलात रोज जाऊन बसायचो. तो यायचा नाही. मी स्वतःला म्हणायचो, बरं झालं, तुला हेच पाहिजे होतं ना, सांगून मोकळं व्हायचं. झालास मोकळा.

पंचमीला संध्याकाळी फोन आला.

"उद्या षष्ठी हाय," तो म्हणाला. "गावाला जाऊ. मला दाखव."

वच्छलानं पहाटेच उठून स्वयंपाक केला, पान वाढलं. मग आम्ही एसटीनं निघालो. फुलंब्रीपासून रिक्षा. गावातलं घर आता माझा भाऊ रामकिसन बघतो. त्याला मी आदल्या दिवशी सगळं सांगून ठेवलं होतं. तो बाजूला झाला. ही मी आयुष्यात दाखवलेली सगळ्यात छोटी जागा. इथं स्वयंपाकघर होतं, इथं चुलीजवळ ते बसले असतील. पेव इथं, अंगणात, आता त्यावर फरशी आहे. मागचं दार रामकिसननं केव्हाच बुजवून तिथं न्हाणी बांधलीय, म्हणून वळसा घालून मागं गेलो. दाऊदभाई माझ्या दोन पावलं मागं चालत होता, पाहुणे चालतात तसा. मध्ये एकदा त्यानं न्हाणीच्या भिंतीला हात लावून बघितला.

"पेव रिकामंच होतं म्हनलास ना?" त्यानं विचारलं.

"व्हय," मी म्हणालो. "रिकामंच होतं."

ओढ्याला पाणी होतं. चिंच तोडून दहाएक वर्षं झाली, पण वळण तेच आहे. तिथं पोचलो आणि मी थांबलो.

"तात्यांनी हितपर्यंत बघितलं," मी म्हणालो. "म्होरलं मला ठावं नाय."

गाईडनं ठाऊक नाही असं कधी म्हणायचं नसतं, हे मला नवखा असताना दाऊदभाईनंच शिकवलं होतं. आज त्यानं नुसती मान हलवली. पलीकडं हिरवीगार बाजरी उभी होती. तो तिच्याकडं बघत राहिला. मग डोक्यावर टोपी घालून कष्टानं खाली बसला.

मुसलमानांत मयताला पुरताना प्रत्येकजण तीन मुठी माती देतो. त्याला मिट्टी देणं म्हणतात. चार वर्षांचा असल्यापासून त्याची ती राहून गेली होती. त्यानं ओढ्याकाठची ओली माती घेतली, ओठांतल्या ओठांत काही म्हणत एक मूठ वळणावर टाकली, मग दुसरी, मग तिसरी. हात झटकले नाहीत.

मीही वाकलो आणि मूठ भरली. त्यानं माझं मनगट धरलं.

"तुझ्या बापाच्या नावानं देत असशील तर नको," तो म्हणाला. "तुझ्या नावानं देत असशील तर दे."

मी ती मूठ तिथंच सोडली. मग दुसरी भरून घेतली, आणि ती माझी म्हणून दिली.